हरणाऱ्या संघाची नाडी

धानाची कापणी-मळणी आटोपली आणि थंडी पडू लागली की आपल्या झाडीपट्टीत दोन गोष्टींना ऊत येतो. एक नाटके आणि दुसरी कबड्डीचे सामने. पोंभुर्ण्याच्या आजूबाजूला गावोगावी मंडळे आहेत. मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, खांबांवर दिवे लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. तरुण पोरे खेळतात, घाम गाळतात, यासारखे औषध नाही. या दिवसांत दवाखान्यात मुरगळलेले घोटे, सोललेले गुडघे आणि निखळलेली बोटे येतातच. ती बांधून देता येतात.

पण याच दिवसांत आणखी एक दुखणे येते. रुग्ण त्याला दुखणे म्हणत नाही. वीस-बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा सांगतो, "डॉक्टरसाहेब, भूक लागत नाही, झोप येत नाही, छातीत धडधड होते." तपासावे तर रक्तदाब ठीक, छाती स्वच्छ. मग सोबत आलेला मित्र हळूच म्हणतो, "आमची टीम सारखी हरून राहिली जी." खरे निदान बहुधा या एका वाक्यात असते. आज या सलग हरण्याविषयी थोडे बोलू.

एक सामना हरणे आणि ओळीने चार-पाच सामने हरणे यात मोठा फरक आहे. एका पराभवाचे दुःख दोन दिवसांत ओसरते. सलग पराभवात मात्र प्रत्येक नवा सामना जुन्या सामन्यांचे ओझे घेऊनच सुरू होतो. समोरचा संघ कसा खेळतो इकडे लक्ष राहत नाही. 'आजही तसेच होणार काय?' हा एकच विचार डोक्यात फिरत राहतो.

याचा शरीरावर काय परिणाम होतो ते पाहा. भीती वाटली की आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात सुटते. नाडी जलद होते, हातापायांना घाम सुटतो, तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. काहींना सामन्याच्या आधी दोन-तीनदा शौचाला जावे लागते. वाघ दिसला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, आणि आपल्या भागात ती कधी कधी खरोखरच कामास येते! थोडी धाकधूक खेळाडूला हवीच असते. यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले होते की, ताण एका मर्यादेपर्यंत काम सुधारतो आणि त्यापुढे गेला की, विशेषतः अवघड काम, बिघडवतो. सलग हरणारा संघ या मर्यादेच्या पलीकडे जाऊन उभा असतो.

दुसरे असे की, सरावाने अंगवळणी पडलेली कामे आपण विचार न करता करतो. सायकल चालवताना पायडल कसे मारावे याचा कोणी विचार करत नाही. चढाई करणारा मुलगाही पाय कुठे टाकावा याचा हिशेब मांडत बसत नाही. वर्षांच्या सरावाने ते त्याच्या अंगात मुरलेले असते. पण हरण्याची भीती बसली की तो प्रत्येक पाऊल मोजून टाकू लागतो, आणि मोजून टाकलेले पाऊल उशिरा पडते. कबड्डीत त्या अर्ध्या सेकंदात पकड होते. शिवाय घाबरलेला संघ धोका पत्करत नाही. पहिली चढाई रिकामी जाते, दुसरीही रिकामी जाते आणि तिसरीला गुण आणणे भागच पडते. म्हणजे जो धोका टाळायचा होता, तोच सर्वांत वाईट वेळी अंगावर येतो.

तिसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके देताना सुटकेचा कोणताच मार्ग ठेवला नव्हता, त्यांतील बरेचसे कुत्रे पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही जागचे हलले नाहीत. आपण काहीही केले तरी फरक पडत नाही, हे जणू ते शिकले होते. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून एक गोष्ट ध्यानात आली की हताशपणा हा प्राण्याच्या अंगी शिकून येतो. माणसाचेही तसे होते. सरावाला यायचे टाळणारा, 'जाऊन काय उपयोग?' म्हणणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. तो कदाचित हेच शिकला असेल. आणि जे शिकता येते ते विसरताही येते, हा यातला दिलासा.

आता थोडा गणिताचा विचार करू, कारण अर्धी भीती त्यानेच जाते. समजा एखादा संघ मध्यम आहे, प्रत्येक सामन्यात जिंकण्याची आणि हरण्याची शक्यता सारखी, नाणेफेकीसारखी. असा संघ हंगामात २० सामने खेळला तर त्यात केव्हातरी ओळीने चार सामने हरण्याची शक्यता किती असेल? उत्तर आहे, जवळजवळ निम्मी. म्हणजे कोणाचे काहीही न बिघडता, निव्वळ योगायोगाने, दर दोन संघांपैकी एकाच्या वाट्याला चार पराभवांची मालिका येऊ शकते. २०१५ साली आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा संघ पहिले चारही सामने हरला होता आणि त्या वर्षीचा चषक त्यानेच जिंकला. २०२२ साली हाच संघ पहिले आठ सामने हरला आणि त्या वेळी मात्र तळाला राहिला. तेव्हा सलग पराभवावरून भविष्य सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नये.

पण आपल्या गावात योगायोग कोणाला पटत नाही. चार सामने गेले की दोषी शोधायला सुरुवात होते. अमका संघात आला तेव्हापासून हरतो आहोत, त्याचा पायगुणच वाईट, असे कोणीतरी बोलते. मैदानाच्या कोपऱ्यात लिंबू सापडते आणि शेजारच्या गावाने करणी केली अशी कुजबुज होते. अमुक माणूस करणी करतो असे सांगत फिरणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावे. मला मात्र कायद्यापेक्षा त्या मुलाची काळजी वाटते. संघात सात खेळाडू, पकडीत चुकले चार, आणि खापर फुटते एकाच्या डोक्यावर. तो चहाच्या टपरीवर जायचे सोडतो, मित्रांचे फोन घेत नाही. मुलींच्या संघात तर आणखी वाईट होते. पराभवाचे निमित्त करून घरचे खेळच बंद करतात. माझे स्पष्ट मत असे की, सलग हरण्याने संघाचे जेवढे नुकसान होते, त्यापेक्षा अधिक नुकसान दोषी शोधण्याने होते.

याच्या उलट काय करता येते, याचे उदाहरण फार दूर शोधायला नको. २०२५ सालचा महिलांचा एकदिवसीय विश्वचषक आठवा. आपला संघ घरच्या मैदानांवर खेळत होता, देशाच्या आशा त्याच्यावर होत्या. आणि ऑक्टोबरमध्ये तो ओळीने तीन सामने हरला. ९ तारखेला विशाखापट्टणम येथे दक्षिण आफ्रिकेकडून, १२ तारखेला तिथेच ऑस्ट्रेलियाकडून ३३० धावा करूनही, आणि १९ तारखेला इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी. शेवटच्या सामन्यात विजय हाताशी आलेला होता. सांगलीची स्मृती मानधना ८८ धावांवर बाद झाली आणि डाव घसरला. घरोघरी दूरदर्शन संचासमोर बसलेल्यांनी जे बोलायचे ते बोलून घेतले.

या संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा करूनही हा गृहस्थ भारताकडून एकही सामना खेळू शकला नाही. निराशा म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायला नको. इंग्लंडच्या सामन्यानंतर त्यांनी संघाला चार शब्द स्पष्ट सुनावले. पण ते संघाला सुनावले आणि बंद दाराआड सुनावले. एका मुलीला चव्हाट्यावर उभे केले नाही. पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना आला तेव्हा त्यांनी फळ्यावर एवढेच लिहिले की, अंतिम फेरीत जायला आपल्याला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी आहे. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा झाल्या होत्या. आकडा डोंगराएवढा होता, पण मनापुढे ठेवलेले काम एका धावेचे होते.

तो सामना जिंकून दिला जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्या मुलीने, नाबाद १२७ धावा करून. हिलाच इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर बसवले होते. सामन्यानंतर ती जे बोलली ते मी डॉक्टर म्हणून फार मोलाचे मानतो. स्पर्धेच्या सुरुवातीला आपल्याला चिंतेचा फार त्रास होत होता, आईला फोन करून आपण रडत होतो, मन बधिर झाल्यासारखे वाटत होते, असे तिने साऱ्या जगासमोर सांगितले. मैत्रिणींनी सांभाळून घेतले, हेही सांगितले. स्मृती मानधना तर सरावाच्या वेळी नुसती येऊन उभी राहायची, फार काही बोलायचीही नाही. कोणालातरी आपण हवे आहोत हे ओळखून जवळ उभे राहणे, याहून सोपा उपचार कोणता? तो करायला पदवी लागत नाही. मदत मागण्यात कमीपणा नाही, असेही ती म्हणाली. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून या मुलींनी विश्वचषक जिंकला. तीन पराभवांनंतर दोष वाटत बसले असते तर हा दिवस दिसला असता काय?

मात्र सगळे पराभव मनामुळेच होतात असे समजणेही चूक ठरेल. ताप आला की आधी त्याचे कारण शोधावे लागते, तसेच इथेही करावे. आपल्या विदर्भाचाच क्रिकेट संघ घ्या. १९५७-५८ च्या हंगामापासून तो रणजी करंडकात खेळतो. साठ वर्षे करंडक हाती आला नाही. मग १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला ९ गडी राखून हरवून फैज फजलच्या संघाने तो पहिल्यांदा जिंकला. पुढच्याच हंगामात पुन्हा जिंकला आणि २०२४-२५ मध्ये अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्यांदा. साठ वर्षे विदर्भाच्या पोरांची मने दुबळी होती आणि एका रात्रीत बळकट झाली, असे झाले नाही. चांगली मैदाने, लहान वयापासून प्रशिक्षण, चंद्रकांत पंडितांसारखा कडक शिस्तीचा प्रशिक्षक, वसीम जाफरसारखा अनुभवी खेळाडू आणि उमेश यादवसारखा कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा हे सारे जुळून यावे लागले. तेव्हा आपला संघ हरत असेल तर सराव किती होतो, शिकवणारा कोण आहे, हे आधी विचारावे. मनाच्या नावावर सगळे ढकलू नये.

आणि अंगात रक्त किती आहे, हेही विचारावे. चंद्रपूर-गडचिरोलीत रक्तक्षय, हिवताप आणि सिकलसेल यांचे प्रमाण लहान नाही. चांगला खेळणारा मुलगा दुसऱ्या सत्रात गळून जातो, धाप लागते, पायांत गोळे येतात, आणि लोक म्हणतात, 'याने हाय खाल्ली.' अशा मुलाचे हिमोग्लोबिन तपासावे, सिकलसेलची चाचणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. सिकलसेलचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे खेळ खेळू नयेत. नुसता वाहक असलेल्याला खेळायला बंदी नसते, पण त्याने पाणी भरपूर प्यावे, उन्हात अतिरेक करू नये आणि दम लागला की थांबावे. दिवसभर शेतात किंवा कामावर राबून, अर्धपोटी, रात्री अकराला मैदानात उतरणारा मुलगा हरला तर त्याच्या मनाला दोष कसा द्यायचा?

खर्ऱ्याविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. 'सामन्याआधी खर्रा खाल्ला की डोके शांत राहते' असे खेळाडू मला सांगतात. तंबाखूतील निकोटिनने नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. शांत वाटते ते तलफ भागली म्हणून. आधीच धडधडणाऱ्या छातीवर हा वेगळा भार. पुढे तोंड उघडत नाही आणि कर्करोगाचे भय राहते ते निराळेच. हरल्याचे दुःख दारूत बुडवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. दारूने झोप आली असे वाटते, पण ती तुटक असते आणि दुसऱ्या दिवशी मन अधिकच उदास होते.

पाहणाऱ्यांनीही थोडे सांभाळावे. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्या वेळी म्युनिकच्या परिसरातील डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी असे रुग्ण एरवीच्या अडीच पटींहून अधिक आढळले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना धोका सर्वांत जास्त. तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहून शिव्या घालणाऱ्या काकांनी आपली रक्तदाबाची गोळी घेतली आहे की नाही, ते आधी पाहावे.

काही जुने खेळाडू म्हणतात, 'आमच्या वेळी मास्तर छडीने मारायचे, म्हणून आम्ही घडलो. आताची पोट्टी नाजूक झाली.' त्यांचा मान राखून सांगतो, शिस्त हवीच. चुकीबद्दल बोलणेही हवे. पण चूक सांगणे आणि माणसाला कुचकामी ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तू पकडीत डावा पाय उशिरा टाकलास' या वाक्यावर मुलगा उद्या काम करू शकतो. 'तुझ्यामुळे हरलो' या वाक्यावर त्याला काहीच करता येत नाही. छडीने जे घडले ते आपल्याला दिसतात, कारण ते टिकले. जे खेळ सोडून गेले त्यांची मोजदाद कोणी केली?

मंडळांनी आणि शाळांनी सहज कराव्यात अशा काही गोष्टी सांगतो.

पहिली, सामना हरल्यावर त्याच रात्री चर्चा करू नये. जेवावे, झोपावे. चुका दुसऱ्या दिवशी, डोके थंड असताना, सगळ्यांसमक्ष पण कोणा एकाला लक्ष्य न करता बोलाव्यात.

दुसरी, पुढच्या सामन्यासाठी जिंकण्याचे लक्ष्य ठेवू नये. जिंकणे दुसऱ्या संघावरही अवलंबून असते. आपल्या हातातले लक्ष्य ठेवावे. पहिल्या सत्रात एकही चढाई घाईने करायची नाही, पकडीत हात सोडायचा नाही, एवढे पुरे. ते साधले की आपण केल्याने फरक पडतो, हा विश्वास परत येतो.

तिसरी, सामन्याआधी पाच मिनिटे शांत बसून श्वास घ्यावा. चार अंक मोजत आत घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. श्वास सोडायला जास्त वेळ लागला की नाडी आपोआप उतरते. यात जादू काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

चौथी, सलग हरत असताना एखादा सराव-सामना आपल्याहून सोप्या संघाशी ठेवावा, एखादा दिवस नुसता हसत-खेळत घालवावा. आणि झोप सात-आठ तास हवी. सामने रात्री दोनपर्यंत चालवणाऱ्या आयोजकांनीही याचा विचार करावा.

पाचवी, ज्याच्यावर सगळे खापर फुटले आहे त्याला कर्णधाराने स्वतः घरून सरावाला घेऊन यावे. भाषण देऊ नये. नुसते सोबत चालावे.

एवढे करूनही एखाद्या मुलाची झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली राहिली, कशातच मन लागेना, तो एकटा राहू लागला किंवा 'जगून काय करू' असे बोलला, तर ती गोष्ट खेळाची राहिलेली नसते. तो उदासीनतेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. 'बोलतो तो करत नाही' हा समज साफ खोटा आहे. अशा मुलाला एकटे सोडू नये. त्याला सरळ विचारावे. विचारल्याने मनात नसलेले विचार येत नाहीत, उलट ओझे हलके होते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणारा वेडा असतो असे समजण्याचे दिवस गेले. गेले नसतील तर आपण घालवायला हवेत.

या हंगामातही निम्मे संघ हरतील, कारण प्रत्येक सामन्यात एकाला हरावेच लागते. ढाल कोणत्या गावाच्या चावडीत लागते हे पुढच्या वर्षापर्यंत कोणाच्या ध्यानात राहणार नाही. पण हरलेल्या मुलाशी गाव कसे वागले हे तो मुलगा जन्मभर विसरत नाही. तेव्हा यंदा सामना संपल्यावर जिंकलेल्यांच्या अंगावर गुलाल उधळून झाला की चार पावले पलीकडे जावे. तिथे सात मुले मान खाली घालून बसलेली असतील. त्यांना पाणी द्यावे आणि उद्याचा सराव किती वाजता आहे, एवढेच विचारावे.